यांचं पोट आणि मळवलीचं स्टेशन

माणूस गेला की त्याचे कपडे कुणाकुणाला देऊन संपतात. किस्से संपत नाहीत, उलट वाढतात. यांना जाऊन तीन वर्षं झाली. अजूनही मळवली स्टेशनातलं कुणी भेटलं की आधी गंभीर चेहऱ्याने चौकशी करतं आणि पाच मिनिटांत यांच्या पोटाच्या गोष्टीवर येऊन हसायला लागतं. मग मीही हसते.

हे मळवलीला बुकिंग क्लार्क आणि मी जवळच्याच शाळेत शिक्षिका. साठ सालाच्या आसपास यांना जुलाब सुरू झाले, रक्त पडायला लागलं. कुणी म्हणालं आमांश, कुणी म्हणालं मूळव्याध. इंजेक्शनं झाली, कुड्याची साल झाली, बेलफळाचा मुरंबा झाला. प्रत्येक उपायाने चार दिवस बरं वाटायचं, त्यामुळे कुठला उपाय चुकीचा तेच कळायचं नाही!

*

पुण्याच्या दवाखान्यातून निरोप आला, "तपासणीला शौचाचा नमुना ताजा आणि गरम हवा." जंतू हलताना दिसले पाहिजेत म्हणे. मळवलीहून पुणं म्हणजे चांगला दोन तासांचा प्रवास!

आमचा पोर्टर गणपत म्हणाला, "बाई, त्यात काय? बाटली कढत भातात ठेवा. दुपारपतुर गार व्हनार न्हाई." त्याच्या बायकोने पातेलंभर आंबेमोहोर शिजवून दिला. बाटली मधोमध, वर ताटली, त्यावर फडकं.

गाडीत समोरच्या बाई वासानेच विरघळल्या. "आंबेमोहोर ना? उघडा की, जेवायची वेळ झाली."

मी म्हटलं, "आज उपास आहे."

त्या माझ्या मांडीवरच्या पातेल्याकडे बघत राहिल्या. "मग एवढा भात?"

हे शांतपणे म्हणाले, "डॉक्टरांसाठी!"

*

जंतू सापडलेच नाहीत. डॉक्टरांनी दिव्याची नळी घालून आतडं बघितलं आणि एक लांबलचक नाव सांगितलं. अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात.

"कशामुळे झालं?" यांनी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही."

"बरं होईल?"

"दबेल. पुन्हा उठेल. पुन्हा दाबू."

"तिखट बंद करू?"

"तिखटाने त्रास होतो?"

"कधी होतो, कधी नाही."

"मग तुम्हीच अंदाज घ्या. पण गोळ्या चुकवू नका, बरं वाटलं तरी."

बाहेर आल्यावर यांनी औषधाची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "लेट गाडीबद्दल मी लोकांना अगदी असंच सांगतो!"

*

कळ आली की थांबणं नसे. हे धाडकन तिकिटाची खिडकी लावून मागच्या दाराने पळायचे. गाडीची वेळ जवळ आली की गर्दी वाढायची, आणि कळही नेमकी तेव्हाच यायची.

दोन-तीन महिन्यांत जवळच्या औंढे गावच्या मंडळींनी त्यातून एक नियम शोधून काढला. खिडकी लागली म्हणजे गाडी आलीच!

एकदा हे परत येऊन बघतात तर खिडकीशी कुणी नाही. सगळे प्लॅटफॉर्मवर, डोक्यावर गाठोडी घेऊन, विनातिकीट!

"अहो, गाडी पाऊण तास लेट आहे!" हे ओरडले.

एक मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मंग उगाच खिडकी का लावली? मानसांना फसवता व्हय?"

*

एकदा रोग फारच उसळला, तेव्हा डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. रक्त थांबलं, पण चेहरा भाकरीसारखा फुगला. रात्र रात्र झोप नाही, हात थरथरायचे. गाव मात्र खूश! "भाऊ, आता कशी तब्येत धरलीय!" जो तो माझं कौतुक करायचा, मी काय खायला घालते ते विचारायचा. काय सांगणार?

या गोळ्या एकदम सोडायच्या नव्हत्या, पायरीपायरीने उतरवायच्या होत्या. उतरता उतरता यांचा मूळचा चेहरा परत आला. पोट शांत झालं, झोप लागायला लागली. किती दिवसांनी वांग्याची भाजी खाल्ली! त्याच आठवड्यात गणपत दाराशी येऊन डोळे पुसायला लागला.

"बाई, भाऊ लय खंगले वो."

"अरे, बरे झालेत ते!"

"व्हय," तो म्हणाला, "शेवटाला समदी आसंच म्हनत्यात."

*

यांच्या शेवटच्या आजारपणात पुण्याच्या वॉर्डात अठरा दिवस होतो. डॉक्टर म्हणाले, "औषधाने दबत नाही. दोन दिवसांत संडासच्या खेपा कमी झाल्या नाहीत तर मोठं आतडं काढावं लागेल. पोटाला वाट करून पिशवी लावू. माणूस जगतो त्याने."

डॉक्टर गेल्यावर हे मला म्हणाले, "पिशवी लावून खिडकीत बसणार नाही मी. काहीही कर, पण मला घरी ने."

ऑपरेशनची भीती मोठी की ऑपरेशन न करण्याची, हे मला तेव्हा ठरवता येईना.

शेजारच्या खाटेवर आंदर मावळातले एक आबा होते, हर्नियाचं ऑपरेशन झालेले. त्यांना दिवसभर करमायचं नाही. मी यांच्या खाटेशी बसून शाळेच्या वह्या तपासायची, तेही बघत बसायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. "कालपासून किती वेळा?"

"तीन," हे म्हणाले.

"तीन?" आबा उठूनच बसले. "आवं डाक्टर, अकरा! म्या मोजल्यात. हाताची बोटं संपली, मंग पायाचं येक घेतलं!"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही इथेच होतात. किती?"

हे माझ्याकडे बघत होते.

"तीन," मी म्हटलं.

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

आबांनी दोन्ही पंजे पसरले, एकदा बोटांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "आन् बाई, तुमी साळंत पोरांना गनित शिकवता?"

सगळा वॉर्ड हसला. सगळ्यात जास्त हे हसले.