गच्चीवरची दुसरी दोरी

समोरच्या गच्चीवर आज दुसरी दोरी दिसली. तिथल्या दोन खोल्यांत कॉलेजातल्या दोन मुली राहतात. ईशान्येकडच्या एकाच गावच्या, पण वेगळ्या जमातींच्या. कालपर्यंत दोघींचे कपडे एकाच दोरीवर वाळायचे. परवापासून त्यांच्या गावात दोन्ही जमाती एकमेकांची घरं जाळताहेत.

“दोघी दिसायला सारख्याच, मग भांडण कसलं हो?” त्यांच्या घरमालकीणबाईंनी मला विचारलं. आपल्याला जो फरक दिसतही नाही, त्याच्यापायी तिकडे माणसं मरताहेत. आणि देश जोडायचं काम आपण भाषणं ठोकून याच विशीतल्या पोरींवर ढकलतो.

संध्याकाळी आभाळ भरून आलं. एकीने धावत येऊन दोन्ही दोऱ्यांवरचे कपडे काढले, दुसरीचे नीट घडी घालून तिच्या दाराशी ठेवले. कडीकडे हात नेला, आणि कडी न वाजवताच ती परत फिरली.