भरल्या मानेचं पिल्लू

मैत्रिणींनो, सकाळपासून डोक्यात घोळतंय, म्हणून लिहिते.

आज आमच्या निंबोल्याच्या घरी खुडूक बसलेल्या कोंबडीखाली पिल्लं निघाली. आमचा कोंबडा आणि कोंबडी, दोघांच्याही मानेवर पिसं नाहीत. नुसती लाल, उघडी मान. पिल्लंही तशीच निघाली. एकाच्या मानेवर मात्र मस्त दाट लव!

शेजारच्या शोभाताई हसल्या. "हे तुमचं नाहीच. आमच्या कोंबड्याचं काम दिसतं."

सासूबाई चिडल्या. "काही पण बोलू नको. दोघं जाळीतच होते. या कोंबडीची माय पिसांनी भरल्या मानेची होती, मीच पाळलेली. तिच्यावर गेलं हे."

आता बघा, माझ्या गौरीचे डोळे घारे आहेत, तिच्या पप्पांचे आणि माझे काळे. ती झाल्यापासून याच सासूबाई चार बायकांसमोर विचारतात, "हे डोळे कुठून आणले गं हिने?" सगळ्या हसतात. मीही हसते. काय करणार?

गौरी तिथेच उभी होती. म्हणाली, "आजी, मग मी पण कोणावर तरी गेली असेल ना?"

सासूबाईंनी पिल्लू कोंबडीखाली सरकवलं. मग गौरीची हनुवटी धरून हळूच म्हणाल्या, "माझ्या मायचे असेच होते."

इतकी वर्षं आठवलं नव्हतं, की सांगितलं नव्हतं? मी विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतं?