कृष्णनाथाच्या मागच्या चाकाचे दात

“यंदा बावन्न दातांचा घालतंय. मगे बघुया चढ कसो आयकणा नाय तो.”

“गेल्या वर्सा कितक्या दातांचा हुता?”

“पन्नास.”

“आनी त्याच्या आदल्या वर्सा?”

“अठ्ठेचाळीस. तुका कित्याक व्हयी ती चौकशी?”

“काय नाय. दात वाढतत तशी गाडी बेगीन मरता, तेवढाच बघतंय.”

कृष्णनाथ परबाने पाना खाली ठेवला. बायको असं काही बोलली की तो आधी हातातलं काम थांबवतो. तारा गॅरेजच्या उंबऱ्यावर बसून गवत कापायच्या मशीनसाठी पेट्रोलात ऑइल मिसळत होती. काजू धरायच्या आधी बागांतलं गवत मारायची कामं ती घेते. मशीन पाठीला अडकवून उतरणीवर उभी राहिली की चार गडी करणार नाहीत एवढं रान साफ करते.

गॅरेज सुर्ल्याला, रस्त्याकडेला, पत्र्याचं. मधोमध लाकडी खोक्यावर चढवून ठेवलेली जुनी येझदी. मडगार्ड कापलेले, सायलेन्सर वर उचललेला, टायर खाचाखाचांचे. आणि मागच्या चाकाला चेन फिरवणारी दातेरी चकती, म्हणजे स्प्रॉकेट. सगळी बोलाचाली त्या चकतीवरून. मागचे दात वाढवले की गाडी चढाला जोर धरते, पण इंजिन जास्त फिरतं आणि धाव कमी होते. कमी केले की उलट. पुढच्या लहान चकतीचा एक दात म्हणजे मागचे तीन, असा हा धंद्यातला ढोबळ हिशेब.

भात कापून झालं की कोरगावला जुन्या मोटरसायकलींची मातीतली शर्यत भरते. नव्या गाड्यांना तिथे मज्जाव. शेतातून सुटायचं, काजूच्या उतरणीला भिडून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, चढायचं, सड्याला वळसा घालून दुसऱ्या अंगाच्या लांबलचक उताराने पुन्हा शेतात. कोरगाव हे ताराचं माहेर. दोन वर्षं लागोपाठ कृष्णनाथाची गाडी त्या उताराच्या पायथ्याशी जाम झाली आणि दोन्ही वेळा मेहुण्याच्या टेम्पोत, गवताच्या पेंढ्यांवर आडवी पडून घरी आली. सासुरवाडीच्या पोराबाळांनी टाळ्या वाजवल्या, ते वेगळंच.

मोप्याला विमानतळाच्या रस्त्यावर गौरेश म्हणून एक जण हॉटेल काढतोय. त्याला ही गाडी भिंतीवर टांगायला हवी होती. खाली पिवळा दिवा सोडायचा, लोक फोटो काढतील, असं सगळं त्याने रंगवून सांगितलं होतं. कृष्णनाथ त्याला आधी हसला. पण गेल्या वर्षी टेम्पोत गाडी चढवताना, रागाच्या भरात, चार माणसांदेखत बोलून बसला की फुडल्या वर्सा परत मधीच थांबली तर घेऊन जा आणि टांग. गौरेश विसरला नव्हता. शर्यतीच्या महिनाभर आधी येऊन भिंतीची लांबी सांगून गेला.

गाडी टांगलेली कृष्णनाथाला बघवली नसती. ती त्याने भंगारातून उचलून स्वतःच्या हाताने उभी केलेली. टांगली म्हणजे मेली, एवढं सरळ गणित त्याच्या डोक्यात.

माणूस मूळचा दोडामार्गाकडचा. खाण चालू होती तेव्हा सुर्ल्याला आला आणि वीसेक वर्षं खनिजाचा टिप्पर हाकला. खनिजाची वाट अशी की डोंगरावरून भरून खाली उतरायचं आणि रिकामं वर यायचं. त्यामुळे ड्रायव्हरची परीक्षा उतारावर. पहिल्या दिवशी उस्तादाने शिकवलं ते एवढंच: गाडी खालच्या गिअरात धर, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढ, इंजिन तिला अडवून धरील, ब्रेकाला उगीच शिवू नको. तापलेल्या ब्रेकाने गाड्या आणि माणसं कशी गेली हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. खाण बंद पडली, टिप्पर उभे राहिले, त्यांच्या हौद्यात झाडं उगवली. कृष्णनाथाने गॅरेज काढलं. पण उताराची शिकवण हातात मुरली ती मुरलीच.

गाडी जाम का होते याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. चढाने दमते आणि उतारावर जीव सोडते. म्हणून चढ हलका करायचा, म्हणजे दात वाढवायचे. यात चूक काढायला जागा नव्हती, गाडी सोडून कोणी काढलीही नव्हती.

ताराने कॅनचं झाकण लावलं, कॅन हलवला.

“माज्या मशीनाक तेल खंयसून गावता?”

“पेट्रोलातसून.”

“आनी तुमच्या गाडयेक?”

“पेट्रोलातसूनच. तेका वेगळी टाकी खंय आसा?”

“उतारार तुमी पेट्रोल बंद करतास, आनी इंजिन तर आरडत ऱ्हवता. मगे त्या वक्ताक तेल कोण घालता, देवचार?”

कृष्णनाथ चहा न मागताच उठला. दुपारी त्याने ठेवणीतला जुना पिस्टन काढून उन्हात धरला आणि त्याच्या अंगावरचे कोरडे ओरखडे बोटाने चाचपले. टिप्परच्या इंजिनाला तेलाचा वेगळा पंप. पाय काढला तरी तेल चालूच. येझदीला तेल जातं ते पेट्रोलाबरोबर. तो अॅक्सिलरेटरची मूठ बंद करून, गिअरात धरून तिला खाली आणत होता, म्हणजे भर धावेत कोरडी पळवत होता. आणि दर वर्षी दात वाढवून जास्तच पळवत होता.

संध्याकाळी बावन्नाची चकती उतरली आणि पंचेचाळिसाची चढली. चेन सैल पडली, तिच्या कड्या काढाव्या लागल्या. चकती बदलणं सोपं होतं, हात बदलणं नाही. खाणीच्या जुन्या वाटेवर तो रोज उताराचा सराव करू लागला. क्लच दाबायचा, थोडी मूठ द्यायची, ब्रेकानेच गाडी आवरायची. पण उतार दिसला की मूठ आपोआप मिटायची. तारा खाली वळणावर उभी राहून आवाज ऐके आणि तो आला की सांगे, मधल्या झाडाकडे बंद केलात. तो म्हणे, नाय. ती म्हणे, मी काय भैरी आसंय?

शर्यतीच्या दिवशी गौरेश पिकअप घेऊनच आला. सोबत दोर.

चढाला पंचेचाळीस दात कमीच पडले. अर्ध्यावर गाडी गुदमरली, पण बंद पडली नाही. कृष्णनाथाने दोन्ही पाय जमिनीला लावले आणि होडी ढकलावी तशी ती वर ढकलली. ज्यांना गेल्या वर्षी त्याने मागे टाकलं होतं ते सगळे हात दाखवत पुढे गेले. सड्यावर ती सुटली खरी, पण उशीर व्हायचा तो झाला होता.

मग उतार. मधल्या वळणावर मूठ मिटली. त्याला कळलं ते इंजिनाचा आवाज कोरडा झाल्यावर. त्याने क्लच दाबला, मूठ उघडली, सायलेन्सरातून निळा धूर आला, इंजिन बोलू लागलं. पुढे पायथ्यापर्यंत तो तिला घोट घोट पाजत आला, ब्रेकाचा वास नाकात गेला, तरी मूठ मिटली नाही. दोन वर्षं जिथे थांबली ती जागा गेली. शेत आलं. रेघ आली.

शेवटून दुसरा. शेवटचा होता तो बांधावरून पडला होता.

गौरेश दोर गुंडाळत जवळ आला.

“मामा, फुडल्या वर्सा बघुया मगे?”

“फुडल्या वर्सा कित्याक? भिंतीर चित्र काड रे कसला तरी.”

ताराची माहेरची माणसं हसत होती. ती त्याला म्हणाली की नंबर बघण्यासारखा नाही. तो म्हणाला, सत्तेचाळीस घालायला हवे होते. ती म्हणाली, आता दातांचं नाव काढू नका, भावाकडे जेवायला चला.

सोमवारी सकाळी येझदी कोपऱ्यात गेली. तिच्या मागच्या चाकाकडे तो जाता जाता दोनदा बघून आला. दारात पदेराची, म्हणजे पाववाल्याची, मोपेड उभी होती, मागच्या टोपलीत अजून निम्मे पाव तसेच, आणि पदेर घड्याळ बघत बोलत होता की साखळी गावाच्या बाजूची घरं पावासाठी ओरडतील. कृष्णनाथाने टोपली उतरवून बाकावर ठेवली, मोपेड आडवी केली आणि पंक्चर शोधायला ट्यूब बादलीत बुडवली.