ज्योत्स्नाची नव्वद मिनिटं

वडिवळ्याची ज्योत्स्ना सातवीत माझ्या वर्गात होती. अक्षर टपोरं, गणिताच्या पायऱ्या एकीखाली एक. एकदा तिनं पुस्तकामागचं उत्तर पाहून उतरवलं, तेव्हा मी वहीत लाल शाईनं लिहिलं, ‘रीत नाही, गुण नाही.’ त्यानंतर तिनं रीतीशिवाय उत्तर कधी लिहिलं नाही.

यंदा ती सीईटीला बसली. गणिताचे पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, नव्वद मिनिटं. सरकारी कॉलेजात जागा मिळाली तरच इंजिनिअरिंग. खासगी कॉलेज घरच्यांना झेपणारं नव्हतं. सरावाला ती कामशेतला माझ्याकडे येई. पहिल्याच सराव परीक्षेत एकतीस प्रश्न सोडवले, एकतीसही बरोबर. एकोणीस कोरे.

“हिला घाई ठावंच न्हाई, बाई,” तिची आई सारिका म्हणाली. “भातलावनीला बाया फुडं जात्यात, ही मागं ऱ्हाऊन त्यांची रोपं सरळ करती. समद्या म्हनत्यात, हिच्या नादानं लावनी दिवाळीला उरकंल.”

“दोन मिनिटांत सुटलं नाही तर पुढे जायचं,” मी ज्योत्स्नाला सांगितलं. “शेवटची पाच मिनिटं राखायची आणि उरलेल्यांना अंदाजे खूण करायची. चुकलं तरी गुण कापत नाहीत.”

“रीत न करता?”

“न करता.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मलाच खाली बघावं लागलं.

परीक्षेच्या दिवशी सारिका आणि मी केंद्राच्या फाटकाबाहेर उभ्या होतो. गणिताचा पेपर सुरू झाल्यापासून सारिका सारखी विचारी, “आता किती ऱ्हायलं?” मी घड्याळ दाखवी. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं, आता तरी खुणा कर, पोरी.

ती बाहेर आली. “अडतीस सोडवले, बाई. अकराला अंदाजे खूण केली.”

“आणि पन्नासावा?”

“तो सुटत आला होता. तेवढ्यात वेळ संपला.”

“अगं, त्यालाही खूण करायचीस!”

“इतकं जवळ येऊन अंदाज कसा करू?”

मी रागावणार, तोच तिनं माझं पेन मागून घेतलं. माझ्याच वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर, फाटकाच्या खांबाला टेकून, ते गणित पुरं केलं.

“आलं, बाई.”

“बराबर हाय न्हवं?” सारिकानं मला विचारलं.

उत्तर बरोबर होतं. मी हो म्हटलं. सारिका हसली.

निकालाला अजून तीन आठवडे आहेत. दोन गुणांवरून जागा हुकते, हे मला ठाऊक आहे. ज्योत्स्नालाही आहे. सारिकाला आम्ही अजून सांगितलेलं नाही.