आलेख ऐकवणारा कॅल्क्युलेटर

तो कॅल्क्युलेटर माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या पडद्यावरच्या पाच-सहा उभ्या रेघा गायब होत्या. माझी चुलत बहीण अमेरिकेत शिकायला गेली होती. तिथं वर्गातल्या सगळ्यांना तो घ्यावाच लागायचा. समीकरण घातलं की पडद्यावर त्याचा आलेख काढून दाखवणारा, हाताच्या पंजाएवढा जाड कॅल्क्युलेटर. सुट्टीला कोल्हापुरात आली तेव्हा तिनं तो माझ्या हातात ठेवला. "बिघडलाय. तुला असलं उघडून बसायला आवडतंय न्हवं? बस."

आवडतंच. मी कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशिनांची कंट्रोल कार्डं दुरुस्त करते. दिवसभर जे करतेस तेच रविवारी घरी कशाला, हे माझ्या नवऱ्याला अजून कळलेलं नाही. कारखान्यात मशीन बंद असतं, पाठीशी सुपरवायझर उभा असतो आणि कार्ड कधी चालू होणार एवढंच सगळ्यांना हवं असतं. ते चालतं कसं, हे बघायला तिथं सवड नसते. घरी असते.

पडद्याच्या रेघा पहिल्याच रविवारी परत आल्या. पातळ पट्टीसारखी केबल काचेवरून सुटली होती, ती उष्णता देऊन परत चिकटवली. काम संपलं, पण झाकण लावावंसं वाटेना. इंटरनेटवर हौशी लोकांनी असल्या कॅल्क्युलेटरच्या आतल्या भागांचे नकाशे काढून ठेवले आहेत. माझा बोर्ड त्यातल्या एकाशीही जुळेना. मुख्य चिप तर डांबरासारख्या काळ्या थेंबाखाली गाडलेली. मग मी स्वतःच नकाशा काढायला घेतला. मल्टीमीटरचं एक टोक इकडं, एक तिकडं, बीप वाजला की कागदावर एक रेघ. असे किती रविवार गेले कोण जाणे. ड्रॉइंगचा मोठा कागद भरत आला तेव्हा नवरा चहा पुढे ठेवत म्हणाला, "सिटी सर्व्हेचा नकाशा काढायलीस काय?"

त्या नकाशातून एक गोष्ट हाती लागली. कॅल्क्युलेटरच्या तळाशी केबल जोडायचं बारीक छिद्र होतं. त्यातल्या दोन तारा सरळ चिपकडे जात होत्या, आणि छोटा प्रोग्रॅम लिहून त्या हव्या तेव्हा चालू-बंद करता येत होत्या. मी तिथं इअरफोन जोडला. टिक. पुन्हा टिक. टिकटिक भरभर केली की तिचा सलग सूर व्हायचा. मी एकटीच हसले आणि तो विषय तिथंच राहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी वारणानगरला गेले. बारावीला आम्हाला गणित शिकवणारे सर तिथल्या कॉलनीत राहतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दुरुस्त केलेला कॅल्क्युलेटर त्यांना दाखवायचा होता. खरं तर मिरवायचा होता. मी व्हरांड्यात त्यांच्या शेजारी बसून एक छान वक्र काढला आणि पडदा त्यांच्यापुढे धरला.

सरांनी मान तिरकी केली, मग दुसरीकडे तिरकी केली. "ठेव बाई," ते शांतपणे म्हणाले. "डोळ्याचा पडदा गेलाय. बाजूचं थोडं दिसतंय, मधलं काही दिसत न्हाय. तू तोंडानं सांग, कसा आलाय."

मी सांगायला लागले. वरून खाली येतोय, मग सपाट, मग पुन्हा वर. सांगताना माझं मलाच कसंतरी झालं. ज्या माणसानं फळ्यावर एका हातात खडू, एका हातात डस्टर घेऊन शेकडो आलेख काढले, त्यांना मी हवेत बोट फिरवून सांगत होते, आणि ते बोटही त्यांना दिसत नव्हतं.

परतीच्या एसटीत ती टिकटिक आठवली. आलेख वर गेला की सूर चढेल, खाली आला की उतरेल. सरांना दिसत नाही, ऐकू तर येतं.

प्रोग्रॅम महिनाभरात जमला. पण सरांना इअरफोनची तार सांभाळायला लावायची नव्हती, आवाज कॅल्क्युलेटरमधूनच यायला हवा होता. म्हणून आत छोटा स्पीकर बसवायचा ठरवलं आणि तिथंच मी माती खाल्ली. सोल्डरिंग करताना उष्णता जास्त झाली आणि बोर्डावरची केसाएवढी तांब्याची रेघच उखडून आली. दुसरी तार जोडायला गेले तर चष्मा लावूनही हात थरथरायचा. तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा बोर्ड जाईल अशी भीती वाटली.

कारखान्यात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण हुपरीची. ती म्हणाली, "आमच्या आईकडं चल. जन्मभर पैंजणाच्या कड्या जोडतीया."

मावशी घरातल्याच कामाच्या खोलीत पाटावर बसल्या होत्या, पुढ्यात चांदीच्या कड्यांचा ढीग. मी बोर्ड दाखवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला.

"ह्येला फुंकणी चालायची न्हाय," त्या म्हणाल्या.

"न्हाय मावशी. ज्योतीनं सगळंच वितळंल. हे करंटवर तापतंय." मी माझी सोल्डरिंग गन पुढे केली.

"बघू की. मी करतो." हुपरी-कोल्हापूरकडच्या बायका अजून अशाच बोलतात. त्यांनी गन दोनदा हातात तोलली, डावं कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि मला म्हणाल्या, "तू श्वास सोडून जोडतीस का धरून?"

"धरून."

"म्हणून हात हालतोय. सोडायचा. सोडून झाला की मधी जरा थांबतोय न्हवं, तेवढ्यात टेकवायचं."

केसाएवढी चांदीची तार त्यांनी स्वतःच्याच डबीतून काढली. दोन टाके. सांगायला लागतोय एवढा वेळही लागला नाही. मी मीटर लावला आणि बीप वाजला. मावशी दचकल्या, मग म्हणाल्या, "आरडतंय म्हंजे बरोबर हाय?" मी मान हलवली. त्यांनी बोर्ड मला दिला आणि पुढची कडी उचलली.

कॅल्क्युलेटर घेऊन पुन्हा वारणानगरला गेले तेव्हा दुपार होती. लागणाऱ्या बटणांवर मी नेलपॉलिशचे टपोरे थेंब सुकवले होते, म्हणजे बोटांना कळावं. पहिल्यांदा सरांना सगळ्यात सोपी गोष्ट ऐकवली, सरळ रेषा. सूर खालून निघाला आणि चढत चढत वर गेला. मी सरांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"परत लाव."

मी परत लावली.

"ही सरळ रेषा न्हाय. वाकलीया."

"सर, मीच घातलंय समीकरण. सरळच आहे."

"घातलं असशील. ऐकू येतीया ती वाकडी. आधी सावकाश चढतीया, शेवटाला एकदम उडी मारतीया. कसं केलंस सांग."

मी सांगितलं. दोन टिकांमध्ये थोडी विश्रांती असते, ती जितकी कमी तितका सूर वर. रेषा एक पायरी वर गेली की त्या विश्रांतीतून मी ठरावीक भाग वजा करते. सर हसले. किती दिवसांनी हसत होते कुणास ठाऊक. त्यांच्या पत्नी आतून बाहेर डोकावल्या.

"पेटी वाजवलीयास कधी? वरचा सा खालच्या साच्या दुप्पट असतो. कानाला वजाबाकी कळत न्हाय, पट कळते. वजा करू नको. दर पायरीला तेवढ्याच पटीनं कमी करत जा."

मग त्यांनी मला वही काढायला लावली. आकडे ते तोंडी सांगत गेले, मी लिहीत गेले. एके ठिकाणी मी चुकले, तर "पुढचा मोठा कसा येईल? खोड ते," म्हणाले. तिथंच बसून मी प्रोग्रॅम बदलला. एव्हाना चहा दोनदा होऊन गेला होता.

या वेळी सूर एकसारखा चढला. सर डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. "आता सरळ," एवढंच म्हणाले आणि हात पुढे केला. कॅल्क्युलेटर मांडीवर घेऊन त्यांनी थेंब चाचपत स्वतःच एक समीकरण घातलं. सूर खाली आला, तळाशी जरा रेंगाळला आणि परत वर गेला. पत्नीला म्हणाले, "ऐकलंस? हा तळ इथं आहे बघ, बरोबर मध्ये." त्यांना काय कळलं ठाऊक नाही, पण पदराला हात पुसत त्या शेजारी बसल्या आणि आणखी एक लावायला सांगितलं.

कॅल्क्युलेटर मी तिथंच ठेवून आले. आता अधूनमधून सरांचा फोन येतो. विचारपूस वगैरे काही नाही, फोन उचलला की आधी एक सूर वर-खाली होत जातो आणि मग त्यांचा आवाज येतो, "ओळख."

निम्म्याहून जास्त वेळा मी चुकते.