वखारीसमोर, पूर्वीच्याच जागी

दसरा झाला की पुण्यात म्हणतात, आता हवा छान पडेल. कोण म्हणतं देव जाणे. त्या दिवशी अकराला आम्ही मंडईपाशी रिक्षातून उतरलो, तर ऊन असं की उरलेल्या झेंडूच्या ढिगांना वाफाळलेला वास येत होता.

बरोबर माझी थोरली बहीण. लग्न होऊन इंदूरला गेली त्याला पंचावन्न वर्षं झाली, पण पुणं अजून आपल्याच ताब्यात आहे असं तिचं मत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत जाणार होती आणि त्याआधी तिला एकच काम करायचं होतं. शिवणाच्या बाईंची कात्री त्यांना परत द्यायची होती.

लग्नाआधी ताई त्यांच्याकडे शिवण शिकायची. हात चांगला म्हणून बाईंनी आपली मोठी कात्री तिला घरी सरावाला दिली, आणि दिवाळीच्या तोंडावर कात्रीची धार गेली. कशी गेली ते ताईला कळलं नाही. मला माहीत होतं, कारण आकाशकंदिलाचा कागद आणि पुठ्ठा मीच त्या कात्रीनं कापला होता. शिवणाच्या कात्रीनं कागद कापायचा नाही, हा बाईंचा पहिला नियम. ताईनं ती धारवाल्याला दिली, त्यानं आणखी वाट लावली. अशी कात्री कुठल्या तोंडानं परत द्यायची म्हणून ताईनं क्लासच सोडला. मग लग्न ठरलं आणि कात्री इंदूरला गेली. मी गप्प राहिले. तेव्हा चौदा वर्षांची होते, मग पंधराची झाले, मग सांगायचं राहूनच गेलं.

बाई आता ब्याण्णव वर्षांच्या. फोनवर म्हणाल्या, अकरा ते बारा या, बाराला मी जेवते, मग पडते, संध्याकाळी कुणाला भेटत नाही. पत्ता काय, तर वखारीसमोर, पूर्वीच्याच जागी. आम्हीही हो हो म्हटलं. घराचा नंबर त्यांनी सांगितला नाही आणि आम्ही विचारला नाही. सदाशिव पेठेत वाढलेल्या मुलींनी सदाशिव पेठेतला पत्ता विचारायचा म्हणजे काय.

वखार नव्हती. आता मला सांगा, घरोघरी गॅस येऊन जमाना झाला, कोळशाची वखार राहील कशाला? पण निघताना दोघींपैकी एकीच्याही डोक्यात हे आलं नाही. ताई म्हणाली, गिरणीवरून डावीकडे. गिरणीच्या जागी चष्म्याचं दुकान. मी म्हटलं, उंबरावरून उजवीकडे. उंबरच नव्हता. नसलेल्या गोष्टींवरून आम्ही वळत होतो आणि वळणावळणावर भांडत होतो. फुटपाथवर स्कूटर, म्हणून रस्त्यावर उतरावं, तर तिथंही स्कूटर, आणि ती चालू. फोनमधला नकाशा काढू म्हटलं तर ताईला राग. अभ्यासिकेचा तोच फलक तिसऱ्यांदा दिसला तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती. माझे गुडघे बोलायला लागले होते.

"मी विचारते कुणाला तरी," मी म्हटलं.

"आपल्याच पेठेत? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? ओळखतं कोण तुला इथं?"

ती फुरंगटली. मी सरळ इस्त्रीवाल्याला विचारलं. त्यानं मान वर न करता बोट वर केलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची, खुर्चीत बाई.

"तीनदा गेलात खालून," बाई म्हणाल्या. "म्हटलं बघू, विचारतात का."

वर गेलो. ताईनं पिशवीतून कात्री काढून पुढं केली. घोकून आणलेली माफीची दोन वाक्यं ती सुरू करणार, तोच बाईंनी चष्मा लावला, पातं उघडलं, अंगठा फिरवला.

"कागद कापलास."

चौऱ्याहत्तर वर्षांची माझी बहीण क्लासातल्या मुलीसारखी खाली मान घालून म्हणाली, "चुकून कापला गेला असेल, बाई."

आता मात्र मला राहवेना. म्हटलं, "मी कापला. कंदिलाचा."

ताईनं माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा बाहेरचं ऊन बरं. बाईंनी कात्री माझ्या हातात ठेवली. "तू ने. आता कंदीलच कर हिनं." मग ताईला जवळ बोलावून तिच्या ब्लाउजची बाही चिमटीत धरली. "हे कुणी शिवलं?"

"मीच."

"ओढतेय खांद्यात. क्लास सोडला नसतास तर ओढली नसती." तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली. बाईंनी घड्याळाकडे बघितलं, तरी चिमटी सोडली नाही. "बस. कुठं चुकतं ते दाखवते. जेवण थांबेल."

अर्ध्या तासानं उतरलो. मंडईपर्यंत ताई माझ्या चार पावलं पुढं चालत राहिली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "कंदील तरी चांगला झाला होता का?"

म्हटलं, "एका बाजूला कलला होता."