चहा नाकारणारा माणूस

ती घटना मी विसरलेलो नाही. पण आठवायला बसलो की ती दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून सुरू होते. कधी द्राक्षबागेतून, कधी पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यातून, आणि अलीकडे पेठच्या डोंगरातल्या एका अंगणातून. माझ्याबरोबर फौजदार म्हणून काम केलेला माझा मित्र नुकताच वारला. त्याच्या दिवसकार्याला जाऊन आल्यावर हे लिहायला घेतलं. रोज थोडं लिहितो आणि त्यातलं बरंच खोडतो. नावं कोणाचीच देणार नाही. त्याचंही नाही.

नाशिक शहराच्या कडेला असलेल्या एका ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. हद्द अर्धी वस्तीची, अर्धी द्राक्षबागांची. माझा हा मित्र मराठी अगदी घोटीव बोलायचा. माझ्या पंचनाम्यातली वाक्यं दुरुस्त करायचा. आम्ही दोघं एकाच वाचनालयाचे सभासद होतो आणि पुस्तकं अदलून बदलून वाचायचो. ठाण्यातले लोक त्याला मागून ‘सदाशिव पेठी’ म्हणत. त्याच्या कानावर ते गेलं होतं. तो नुसता हसायचा.

मार्गशीर्षातली गोष्ट. बागेत मण्यांची विरळणी आणि औषधात घड बुडवण्याचं काम ऐन भरात होतं. एक बागायतदार सकाळीच ठाण्यात आला. चंपाषष्ठीला घरी खंडोबाची तळी भरली, तेव्हा त्याच्या आईने गळ्यातली सोन्याची एकदाणी काढून देव्हाऱ्यात टाकांपुढे ठेवली होती. भरीत-रोडग्याची जेवणं झाली, माणसं पांगली आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर एकदाणी नव्हती.

“बाहेरचं कोण आलं होतं?” मी नेहमीचा प्रश्न विचारला.

“बाहेरचं कोणीच नाय साहेब. घरचीच माणसं. मजुरांना तेवढं ओट्यावर जेवायला बोलावलं व्हतं.”

“कोणावर संशय?”

“संशय कसला, नक्कीच हाय. पेठकडचं एक पोरगं दुसऱ्या दिवशी गायब. सांगितलं नाय, इचारलं नाय. काम अर्ध्यावर टाकून पसार.”

पंचनाम्याला गेलो तेव्हा म्हातारी देव्हाऱ्यापाशीच बसून होती. “पोरगं चांगलं व्हतं रे,” असं काही तरी पुटपुटली.

“आई, तू गप. तुला सगळेच चांगले.”

बंगल्याला कॅमेरा होता. तो मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांकडे तोंड करून लावलेला होता. घराच्या दाराकडे एकही नव्हता. मी ते पंचनाम्यात लिहिलं, पण त्याचा काही अर्थ लावला नाही.

तीन-चार दिवसांनी खबर आली. मजूर जिथे सकाळी उभे राहतात त्या नाक्यावर आमचा एक खबऱ्या चहाची गाडी लावायचा. तो म्हणाला, “साहेब, तुमचं पोरगं गावाकडंच हाय. पळालं-बिळालं नाय. रोज नाचतंय म्हणे. कामधंदा नाय, पायात चप्पल नाय, नुसतं नाचतंय.”

आमचे हवालदार हे ऐकून खूश झाले. “माल पचला, साहेब. पचल्याशिवाय माणूस नाचंल का?”

हे त्या वेळी मला पटलं. आज लिहिताना हसू येतं, आणि मग येत नाही.

त्याला चौकशीसाठी आणलं. विशी ओलांडलेला, काटकुळा, अनवाणी. हवालदारांनी खुर्ची पुढे केली. तो भिंतीपाशी उभाच राहिला.

“बस की! सासुरवाडीला आलायस का लाजायला?”

तो बसला नाही. चहा आला, तो त्याने घेतला नाही. महिला शिपाई पाण्याचा पेला घेऊन गेली तर असा मागे सरकला की पाठ भिंतीला टेकली.

“घे रे, विष नाही कालवलं,” ती म्हणाली. मग आमच्याकडे वळून, “बघा हो, केवढा सोवळ्याचा!”

सगळे हसले. चहाबद्दल माझा एक आडाखा होता आणि नव्या शिपायांना मी तो शिकवत असे. चहा हा आपला पहिला प्रश्न असतो. निर्दोष माणूस घाबरत घाबरत का होईना, चहा घेतो. पोटात काही दडवलेल्याला घोट उतरत नाही. सेवेच्या वर्षांत हा आडाखा इतक्यांदा खरा ठरला होता की तो आडाखा आहे हेच मी विसरलो होतो.

“का पळालास?”

“पळालो नाय, माऊली. देवाचं काम हाय.”

“कसलं काम?”

“देवाला बसलोय. पुनवेला डोंगर चढायचा. मंग येतो मी, कुठं बी बोलवा.”

“एकदाणी कुठे आहे?”

“मला नाय ठाव, माऊली.”

“आता हा वारकरी झाला,” हवालदार म्हणाले. “चोराच्या तोंडी आधी देव असतो, साहेब.”

मी जबाबाच्या कागदावर आमचं ठरलेलं वाक्य लिहिलं: सदर इसम विचारलेल्या प्रश्नांना उडवाउडवीची उत्तरे देतो. लिहिलं खरं, पण समोरचा माणूस घाबरलेला दिसत नव्हता. उर्मटही दिसत नव्हता. एसटीची वाट पाहत उभा असल्यासारखा दिसत होता आणि एसटी चुकेल एवढीच त्याला काळजी होती. त्यावरून मला काहीच कळेना. पण पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती. संध्याकाळी अटक दाखवली की उद्या न्यायालय, मग कोठडी, आणि त्याचा तो डोंगर राहिलाच.

दुपारी माझा मित्र न्यायालयातलं काम आटोपून आला. दारातच थांबला. भिंतीपाशी उभ्या असलेल्या त्या मुलाकडे पाहिलं आणि पायातले बूट काढले. पोलीस ठाण्यात बूट काढणारा अधिकारी मी त्याआधी पाहिला नव्हता. तो आत आला, त्या मुलापासून चार हात लांब उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, “माऊली.”

आणि मग तो जे बोलायला लागला ती भाषा मला कळत नव्हती. शब्द मराठीच्या जवळचे, चाल निराळी. त्या घोटीव मराठीवाल्याच्या तोंडून ते ऐकताना एखाद्या ओळखीच्या घरात न पाहिलेली खोली निघावी तसं झालं. तो मुलगा पहिल्यांदाच सलग बोलू लागला. हवालदार माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे.

मित्राने मला व्हरांड्यात बोलावलं.

“डोंगऱ्या देवाला बसलाय तो. आमच्याकडे मार्गशीर्षात बसतात. पुरुषमाणसं देवासमोर खळीवर, म्हणजे अंगणात, नाचतात, पुनवेला डोंगरावर जातात. या दिवसांत सगळ्यांना माऊली म्हणायचं. तोवर चप्पल नाही, खाटेवर बसणं नाही, दुसऱ्याच्या हातचं खाणंपिणं नाही, बाईमाणसाचा स्पर्श नाही. नेम गावागावात वेगळे. मलाही सगळे ठाऊक नाहीत, लहानपणी पाहिलेलं आहे. गावातून निरोप आला की उठून जायचं असतं.”

“आमच्याकडे म्हणजे?”

“पेठला. सदाशिव नाही, नुसती पेठ.”

“इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत?”

“तुम्ही विचारलं नाहीत. माझ्या सेवापुस्तकात लिहिलेलं आहे.” मग जरा थांबून, “आणि तुम्ही मला पुण्याचा समजत होतात, ते मला सोयीचंही होतं.”

मी म्हणालो, “पण चहा...”

“साहेब, तुमच्या मातोश्री चातुर्मासात इथे आल्या होत्या, आठवतं? ठाण्याचा चहा घेतला नव्हता त्यांनी. तांब्या घरून आणला होता. आपण त्यांचा जबाब घेतला होता का?”

मन एकदम दुसऱ्या टोकाला गेलं. मी म्हणालो, “खरं आहे. ही माणसं निसर्गात राहणारी, निष्पाप. चोरी त्यांच्या रक्तातच नसते.”

तो मोठ्याने हसला. “हे कोणी सांगितलं तुम्हाला? माझ्या सख्ख्या चुलत्याने माझी सायकल विकून खाल्ली. रक्ताबिक्ताचं राहू द्या. मघाशी तुम्ही त्याला चोर केलंत, आता संत करताय. मध्ये एक माणूस उभा आहे, साहेब.”

“मग सोडायचं कशाच्या आधारावर?”

“पुरावा नाही, या आधारावर. देवाला बसलाय म्हणून सोडाल तर उद्या देवाला न बसलेल्याला धराल.”

मी गोंधळलो होतो, हे इथे साफ लिहितो. चोर धरणं मला येत होतं. माणूस सोडण्याचं कारण नेमकं कोणतं असावं, यावर मी कधी विचार केला नव्हता. बोलावल्यावर हजर राहण्याची समज देऊन त्याला सोडलं. मित्र त्याच्या मागे पेठ फाट्यापर्यंत चालत गेला, लांबून, बूट हातात घेऊन. हवालदार खिडकीतून बघत राहिले. त्यांनी चेष्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुन्हा बागायतदाराकडे गेलो. मुलाला सोडल्याचं त्याला कळलं होतं आणि तो तणतणत होता. मी त्याला बोलू दिलं आणि म्हातारीपाशी जाऊन बसलो. रात्रभर माझा पहिलाच प्रश्न मला खुपत होता. ‘बाहेरचं कोण’ असं विचारलं की घर आपल्या मनातली भिंत दाखवतं. म्हणून वेगळं विचारलं.

“आजी, त्या दिवशी ताटं कोणाकोणाची मांडली होती?”

तिने डोळे मिटले आणि बोटांवर घेतलं. “खंडोबाचा निवद, मंग थोरला, धाकला, पोरं... आणि जावईबापूंचं, चौरंगावर.”

“आई! त्यांना कशाला मोजतीस?” बागायतदार एकदम म्हणाला.

“का? जेवले नाय का ते?”

नांदगावला दिलेल्या मुलीचा नवरा चंपाषष्ठीला आला होता आणि त्याच संध्याकाळी परतला होता. त्या घरात कोणी खोटं बोललं नव्हतं. जावई बाहेरचा नसतो आणि घरातल्यांची नावं सांगताना त्याचं नाव घ्यायचं नसतं. तो आमच्या प्रश्नाच्या फटीतून अलगद निघून गेला होता.

आम्ही जावयाला बोलावलं. तो इस्त्रीच्या कपड्यांत आला, खुर्चीवर ऐसपैस बसला, चहा घेतला. बशीत ओतून, सावकाश. हवालदारांना ‘काका’ म्हणाला. माझ्या टेबलावरचं पुस्तक पाहून वाचनाची आवड असल्याचं सांगितलं. आणि प्रत्येक प्रश्नाला तो थोडा बाजूने उत्तर देत राहिला. आलो कधी, ते सांगे. गेलो कधी, ते विसरे. मित्राने कागद माझ्याकडे सरकवला आणि हळूच म्हणाला, “लिहा साहेब. आता ते वाक्य शोभेल.”

एकदाणी नांदगावच्या एका सराफाकडे मिळाली. जावयाने ‘आईंनी मोडायला दिली’ असं सांगून ती ठेवली होती. मुद्देमाल जप्त झाला त्या दिवशी बागायतदार धावत आला. राग गेलेला, आवाज उतरलेला.

“साहेब, मिटवून टाका. घरातली गोष्ट हाय. पोरीच्या संसाराचा प्रश्न हाय.”

“काल ती चोरी होती,” मित्र म्हणाला.

“काल वेगळं व्हतं, साहेब.”

“काय वेगळं होतं?”

तो टोपी काढून हातात फिरवू लागला. मला वाटतं, तोही खरोखर शोधत होता. वाईट माणूस नव्हता तो. मजुरांना चंपाषष्ठीला ओट्यावर बसवून पोटभर जेवू घालणारा होता. फक्त ओटा आणि चौरंग यांतलं अंतर त्याने कधी मोजलं नव्हतं. पुढे न्यायालयाच्या परवानगीने तडजोड झाली. पहिल्या संशयिताच्या वेळी तडजोड हा शब्द कोणीच काढला नव्हता.

अशा लेखाच्या शेवटी, या तपासाने काय शिकवलं ते सांगायचं असतं. मी अनेक दिवस तिथेच अडलो आहे. माणसं पारखण्याचे आडाखे टाकून द्यावेत म्हणावं, तर त्यांच्याशिवाय पोलिसाचा एक दिवस सरत नाही. समोरच्याला विचारावं म्हणावं, तर त्या मुलाला आम्ही विचारलं होतं आणि त्याने सरळ उत्तरही दिलं होतं. देवाला बसलोय, पुनवेला डोंगर चढायचा. आम्ही ते ऐकलं आणि लिहिलं भलतंच. मग एवढंच केलं, की निवृत्तीपर्यंत ‘उडवाउडवीची उत्तरे’ हे वाक्य वापरलं नाही. माणूस जे बोलला तेच शब्द लिहायचे. त्यामुळे जबाब लांबले, वरिष्ठ वैतागले.

त्या मुलाचा नेम ठाण्यात मोडला की टिकला, पुनवेला त्याला डोंगर चढू दिला की नाही, हे मी मित्राला विचारायचं ठेवलं होतं. आज विचारू, उद्या विचारू करत राहून गेलं.

दिवसकार्यासाठी मी त्याच्या पाड्यावर पहिल्यांदा गेलो. इतकी वर्षं पुस्तकं अदलाबदल केली, पण त्याचं घर पाहिलं नव्हतं. अंगणात माणसं बसली होती, त्याच्या घरातली भाषा माझ्या कानांवरून जात होती. एका पोक्त माणसाने माझ्यापुढे चहा आणून धरला. मी पेला घेतला आणि घोट काही उतरेना. तसाच परत केला. मनात आलं, आता हा विचारील, का नाही घेत? शहरातला साहेब, आमच्या घरचा चालत नाही का? मी सांगायला शब्द शोधू लागलो.

त्याने पेला उचलला. कोणी तरी काही म्हणालं, त्यावर तो मराठीत, बहुधा मला कळावं म्हणून, बोलला, “ऱ्हाऊ द्या. त्यांचं माणूस गेलंय.”

माणूस चाळिशीकडे झुकलेला, काटकुळा, अनवाणी होता. अंगणात तसे सगळेच अनवाणी होते. तो तोच होता का, मी परत येईपर्यंत ठरवत राहिलो. सांगता येत नाही. तासन्‌तास त्याला समोर उभा करून प्रश्न विचारले होते, पण चेहरा मी त्या दिवशी पाहिलाच नव्हता.